नुसतं बघायचं

पाय मोडला आणि मी वरच्या खोलीत अडकले. केळीच्या वेफर्सच्या ऑर्डरी खाली दुकानात, माझ्या मुलाच्या, भूपेंद्रच्या विंडोजवाल्या कॉम्प्युटरात. सुनेचा लॅपटॉप लिनक्सचा.

“मयुरी, धुळ्याहून आणलेलं तुझं यंत्र आमच्याशी बोलेल तर शपथ!”

तिने पासवर्ड टाकून दुकानाचं फोल्डर लॅपटॉपला जोडलं. बठ्ठ्या, अगदी सगळ्या ऑर्डरी माझ्यासमोर!

“नुसतंच बघायचं का गं?”

“हे म्हणत होते, आईंना नुसतं बघू दे. मी खाली जाऊन त्या कॉम्प्युटरात तुम्हाला ऑर्डरी बदलायची परवानगीही देऊन आले. दुकान तुमचं ना, आई?”

सहा वर्षं ती माझा वेफर्सचा मसाला नुसता बघतेय, मी कधी हात लावू दिला नाही. उपकार तोंडाने मानणं मला जमत नाही.

“उद्यापासून मसाला तू करायचा,” म्हटलं. “मी नुसती बघेन.”