सक्तीची रजा

शेजारच्या दूध संघात चोरी उघडकीला आली, तेव्हा आपल्याकडे तसं होऊ नये म्हणून चेअरमननी पुण्याहून तपासनीस मॅडम बोलावल्या. मॅडमनी आधी एवढंच विचारलं, इथे रजा कोण घेत नाही? सगळ्यांनी तुपाचं गोदाम सांभाळणाऱ्या अमृतकडे बोट दाखवलं. बायकोच्या दहाव्यालाही तो पुणतांब्याच्या घाटावरून ओल्या अंगाने थेट कामावर आला होता. “असा माणूस काहीतरी झाकत असतो,” मॅडम म्हणाल्या. “आठ दिवस घरी बसवा, झाकलेलं आपोआप वर येतं.” अमृतने करदोड्याला बांधलेली किल्ली सोडून टेबलावर ठेवली. “बसतो घरी. पन किल्ली चेअरमनसाहेबांच्या पुतन्याकडं देऊ नका, तूप ऱ्हायचं न्हाई.” “चोर नेहमी दुसऱ्याचंच नाव घेतो, हा माझा अनुभव आहे,” मॅडम सगळ्यांना म्हणाल्या. किल्ली पुतण्याकडेच गेली. आठ दिवसांनी मॅडमनी त्याच्याकडून किल्ली घेऊन गोदाम उघडलं. रजेआधी त्यांनी स्वतः खूण केलेले तुपाचे डबे तिथे नव्हते. “चोरी अमृत घरी असताना झालीय,” त्यांनी चेअरमनना स्पष्ट सांगितलं. “किल्ली तुमच्या पुतण्याकडे होती.” चेअरमननी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. “मॅडम, चोर कोण ते तुम्ही सगळ्यांसमोर आधीच सांगितलंय. आता शब्द फिरवलात तर तुमच्या तपासाला कोण विचारील?” मॅडमनी कप उचलला. बाहेर गोदामाच्या दाराशी अमृत उभा होता, रजा संपली म्हणून वेळेवर आलेला. मॅडम येताना दिसल्या तसा त्याने किल्लीसाठी हात पुढे केला.