टेंभ्याच्या उजेडाचा कॅमेरा

साक्षीचं लग्न झालं त्याच वर्षी, बोहाड्याला वीस दिवस राहिले असताना, तिची धाकटी बहीण तेजस्विनी नाशिकला महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानात कॅमेरा घ्यायला आली. सोबत तिची चुलत आजी कुसाबाई होती.

"कशासाठी पाहिजे? लग्नाचे फोटो?" दुकानदार गोविंदरावांनी विचारलं.

"बोहाड्याचे. आमच्या हरसूलकडं रात्री देवांची सोंगं नाचतात, लाकडी मुखवटे घालून. उजेड फक्त टेंभ्यांचा."

"मग फ्लॅश लावा."

"फ्लॅश चालत नाय. मुखवट्याच्या भोकातून आधीच कमी दिसतं. त्यात डोळे दिपले तर माणूस टेंभ्यावर जाईल."

असं गिऱ्हाईक रोज येत नव्हतं. गोविंदरावांनी खुशीत दोन कॅमेरे काढून काचेवर ठेवले. एक लहान, एक जाडजूड. कुसाबाईनं दोन्ही उचलून उलटेपालटे केले.

"आजी पण फोटो काढतात?"

"आजी परवानगी देते," तेजस्विनी हसली. "सोंग ज्या घरचं, फोटोला होकार त्या घरचा. बाकी सगळ्यांनी दिला. वेताळाचं सोंग आजीच्या घरचं. ती म्हणते, आधी यंत्र बघीन."

"बघूनच सांगावं," कुसाबाई म्हणाली. "पोरी फोनात बघून नवरा पसंत करत्यात. मला नाय जमत."

"साक्षीला टोमणा नको हां आजी."

"तिला कशाला? मी फोनाला बोलले."

गोविंदरावांनी हसू दाबत विचारलं, "वेताळ नाचतं कोण?"

"माझा लेक सोमनाथ. सुरतला असतो, कापडाच्या कारखान्यात."

"अंधार पडल्यावर येतो आणि उजाडायच्या आत जातो," तेजस्विनी म्हणाली. "पाच वर्षं झाली, काकाचं तोंड पाहिलं नाय. फोन लावावा तर बंद. नुसता वेताळ बघायचा. बाबा म्हणतात, सोमनाथ आता पहिल्यापेक्षा हलका नाचतो."

"तुझा बाप अजून काय काय म्हणतो?"

"म्हणतात, ज्या साली काका येणार नाय, त्या साली सोंग आमच्याकडं. घरात नाचणारा नसला तर मुखवटा भावकीत जातो. रीतच हाय ना."

"रीत मला शिकवती व्हय? माझ्या सासऱ्यानं कोरलाय तो. मी हाय तवर तो माझ्या घरातून जायाचा नाय."

"मी कुठं मागते? मला नुसता फोटो पाहिजे. तोही तुझ्यासाठीच. सोंग परत येईपर्यंत तू दार लावून दिव्यापाशी बसतेस. सगळा गाव काकाला बघतो, तू सोडून."

कुसाबाईनं दोन्ही कॅमेरे गोविंदरावांपुढं सरकवले.

गोविंदरावांनी दोघींना मागच्या खोलीत नेलं. खिडकी लावली, दिवे बंद केले आणि एक मेणबत्ती पेटवली.

"कशाचा काढू?"

"माझ्या हाताचा," कुसाबाई म्हणाली. तिनं बांगड्या कोपराकडं सारल्या. "पर हलवत ऱ्हाते. तिथं कोन उभं ऱ्हातंय?"

तिनं मूठ वळली आणि हात संथपणे उजवीकडून डावीकडं फिरवू लागली. गोविंदरावांनी आधी लहान कॅमेऱ्यानं फोटो काढला, मग मोठ्यानं. दिवे लावून त्यांनी पहिला फोटो दाखवला. काळ्यावर एक तपकिरी फराटा होता, त्यात सगळीकडं वाळूसारखे दाणे.

"हात आहे एवढंच कळतं," गोविंदराव म्हणाले. "आता हा बघा."

दुसऱ्या फोटोत शिरा दिसत होत्या. नखं दिसत होती.

"गोंदणाचे ठिपके मोजा, आजी. पाच! मेणबत्तीच्या उजेडात, आणि हात हलत असताना."

कुसाबाई पडद्यावर वाकली. "मुखवट्याआडचा माणूस वळखू येईल ह्यात?"

"मुखवट्याआडचं कसं दिसेल? पण हातावरून कोणीही ओळखेल."

ती सरळ झाली. "ह्यो नको."

"आजी!" तेजस्विनीचा आवाज चढला. "गेल्या साली मोबाइलवर सगळं काळं आलं. गावच्या बोहाडा मंडळानं ह्याच्यासाठीच तर पैसे जमवले."

"काळं आलं तर येऊ दे. देवाचं इतकं उघडं बघू नये. ह्यो घेतलास तर माझा होकार नाय. वेताळाशिवाय काढ तुझं फोटो."

"वेताळाशिवाय बोहाडा कसला?"

"मग ल्हान घे."

तेजस्विनीनं गोविंदरावांकडं पाहिलं. ते काच पुसू लागले. घरच्या भांडणात दुकानदारानं पडू नये, हे त्यांना ठाऊक होतं.

"आणि काकाचा फोटो?" तिनं हळूच विचारलं.

"मला तो फोटोबिगर दिसतो."

तेजस्विनीनं लहान कॅमेरा पुढं ओढला.

गोविंदराव खोकं बांधताना म्हणाले, "आजी, हाताचा फोटो मात्र झकास आलाय. मोठा करून दुकानात लावू का?"

"पुसून टाका," कुसाबाई म्हणाली. पुसला जाईपर्यंत ती तिथून हलली नाही.

परतीच्या एसटीत तेजस्विनीनं कॅमेऱ्याचं खोकं मांडीवर धरलं होतं. हरसूलला उतरताना तिनं आजीची पिशवी आपल्या हातात घेतली. "काकाला सांग, औंदा तरी सकाळपर्यंत थांब."

"सांगते."

घरी आल्यावर कुसाबाईनं दाराला आतून कडी घातली. छातीवर फडकं घट्ट आवळलं आणि वरून लांब बाह्यांचा सदरा चढवला. बांगड्या काढून ताटलीत ठेवल्या. घुंगरांत कापूस कोंबून ते पायांत बांधले. मग खुंटीवरचा वेताळ उतरवून तोंडावर बांधला, आणि उजवा पाय उचलला.

सोमनाथ दोन हजार एकवीस सालच्या एप्रिलात सुरतेला वारला.