सैतानाचे दोन डोळे

"पुन्हा खरवडला?" येरमोलायने विचारलं.

"डोळ्यासकट," पाद्री फेओफान म्हणाले. "ये रंग घेऊन."

अंतिम न्यायाचं चित्र चर्चच्या दाराशेजारच्या भिंतीवर होतं. भाला रोखलेला देवदूत, भाल्याखाली सैतान. प्रार्थना आटोपून निघालेल्या आज्या जाता जाता सैतानाचं तोंड किल्लीने खरवडायच्या. पुण्य लागतं म्हणे. येरमोलाय ते पुन्हा रंगवायचा. पुढच्या रविवारी पुन्हा भगदाड.

त्याला दुसरं काही मिळतच नव्हतं. रशियन माणूस तोंडालाही पायरीप्रमाणे वेगवेगळी नावं देतो. संताचा आणि देवदूताचा तो 'लीक', माणसाचा 'लित्सो', सैतानाची 'लिचिना'. लीक रंगवायचा मान म्हाताऱ्या चित्रकार जोसिमाचा. येरमोलायच्या वाट्याला लिचिना.

त्याची आई शेजारच्या गावाहून लेकाचं काम बघायला यायची. दर वेळी तिला भिंतीतला चुना दिसायचा.

"छान आहे," माउली म्हणायची. "पांढरा छान जमलाय."

"जोसिमा येगोरिच, एक तरी लीक द्या हो," येरमोलायने पुन्हा तगादा लावला. "आईने माझा एक धड चेहरा बघितलेला नाही."

"तुझा एक चेहरा रविवारभर टिकू दे. मग सगळे संत तुझे."

"पण सैतानाचा टिकणार कसा?"

"ते सैतानाला विचार."

शनिवारी येरमोलायचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कुंचला उचलला, ठेवला. दारापर्यंत गेला, परत आला. सैतान नेहमी एका बाजूने काढायचा, एकच डोळा दिसेल असा. भक्ताच्या नजरेला त्याची नजर भिडता कामा नये. सगळे तसाच काढत आले होते आणि सगळ्यांचे खरवडले गेले होते.

त्याने सैतानाचं तोंड सरळ समोर वळवलं. दोन डोळे काढले. जरासे ओले.

रविवारी जोसिमाने चित्र बघितलं आणि कपाळाला हात लावला. "हा आपल्याकडे बघतोय, गाढवा!"

"हो."

"आता भोग." दोघं खांबाआड उभे राहिले. येरमोलाय नखं खात होता.

सगळ्यांत पुढे ग्लिकेरिया आजी. किल्ली हातात तयारच. सैतानासमोर आली आणि थबकली.

"अगं बाई! काय हा लित्सो! आमचे हे पिऊन घरी यायचे ना, तेव्हा दारात उभे राहून अस्सेच बघायचे."

"मारू नको ग त्याला," मागची म्हणाली.

"मारतेय कसली? जेवला तरी असेल का, कोण जाणे."

तेवढ्यात येरमोलायची आई आली. तिने चेहरा पाहिला, अख्खा. पदर नव्हता म्हणून डोक्याच्या रुमालाने डोळे पुसले. येरमोलायला धड बघवेना. तो खांबाकडे तोंड करून उभा राहिला.

जोसिमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जिंकलास, लेका. मी शब्दाचा पक्का आहे. आजपासून सगळे लीक तुझे. संत, देवदूत, सगळे."

इतक्यात मागून करकर आवाज आला.

ग्लिकेरिया आजी स्टुलावर चढून देवदूताचा डोळा कोरून काढत होती. "गरिबाला भोसकतोस? थोबाड बघा मेल्याचं!"

आणि खालून स्टूल घट्ट धरून येरमोलायची आई सांगत होती, "डावा राहिला, मावशी."