तुलनेचा गुडघा

"अजून वाकवा. दुखलं तर सांगा."

"दुखतच नाहीये," थोरली म्हणाली. जणू हाही तिचाच काही दोष होता.

डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यावर थंडगार जेल ओतलं आणि सोनोग्राफीचा प्रोब टेकवला. पडद्यावर मांडीच्या हाडाची पांढरी कमान उमटली. तिच्यावर कूर्चेचा, म्हणजे सांध्यातल्या मऊ गादीचा पट्टा. काळाभोर, स्वच्छ, एकसारखा. डॉक्टरांनी प्रोब तिरका केला, सरळ केला, मशीनचं सेटिंग बदललं. पट्टा होता तसाच राहिला.

असं दिसायला नको होतं. थोरलीचा आजार जन्माचा होता. या आजारात एक आम्ल शरीरात मोडलंच जात नाही. ते लघवीत उतरतं, म्हणून लघवी उघडी राहिली की काळी पडते. उरलेलं वर्षानुवर्षं सांध्यांत मुरत राहतं. चाळिशीला टेकलेल्या माणसाच्या काळ्या पट्ट्यात एव्हाना पांढरे ठिपके दिसायला हवेत. इथे एकही नव्हता.

"फार वाईट आहे का हो?" धाकटीनं विचारलं. बहिणीची पिशवी, चपला, छत्री सगळं कवटाळून ती पलंगाच्या कडेला उभी होती. "मी हिला कधीची सांगतेय, त्या टेकडीवरच्या हवामान केंद्राचा नाद सोड. गाडी जात नाही तिथं. रोज चढायचं म्हणजे गुडघ्यांची वाट."

"तू गप्प बस गं. डॉक्टर तू आहेस का?"

"नाही बाई. मी हमाल."

थोरली हसली नाही. हवामान खात्यात तिनं सगळी वर्षं खुर्चीत बसून नकाशे काढले होते. लहानपणी तिला पळू दिलं नाही, झाडावर चढू दिलं नाही. तिचं दप्तर धाकटीनं वाहिलं, तिच्या वाटणीच्या पाण्याच्या बादल्याही धाकटीनंच. आता टेकडीवरचं केंद्र सांभाळायला तिला विचारलं होतं. तिला जायचं होतं. हो म्हणायचं की नाही, हे आजच्या रिपोर्टवर ठरणार होतं.

स्वतःच्या डोळ्यांची शंका आली की डॉक्टर एक करत. त्याच घरातला, साधारण त्याच वयाचा निरोगी गुडघा शेजारी ठेवून बघत.

"तुम्ही या बरं इथं."

"मी? मला काय धाड भरलीय?"

"म्हणूनच तर."

धाकटी पलंगावर चढली. चढताना तिचा गुडघा कट्कन वाजला. "घ्या, बँड वाजला," ती म्हणाली आणि आडवी झाली.

काळ्या कापडावर पीठ सांडावं तसे पडद्यावर ठिपके होते.

डॉक्टरांनी दुसरा गुडघा पाहिला. तिथंही तेच. त्यांना वाईट वाटायच्या आधी कुतूहल वाटलं, आणि त्याची जरा लाजही वाटली.

"आजार थोरलीला आहे, हे कधी ठरलं?"

"मी चौथीत होते, ही दुसरीत," थोरली म्हणाली. "एकाच अंथरुणात झोपायचो. कुणीतरी ओलं करायचं, कबूल कुणीच व्हायचं नाही. सकाळी चादरीवर काळा डाग. आईनं मलाच धरलं, मोठी ना मी! लघवी तपासायला दिली, त्यात निघालं."

"हिची नाही दिली?"

"हिची कशाला? डाग कुणाचे ते कळलं होतं की."

"आणि तुमची पुन्हा कधी?"

"औषधच नव्हतं तेव्हा. बाबा म्हणाले, पुन्हा तपासून काय करायचंय?"

डॉक्टरांनी प्रोब पुसून जागेवर ठेवला. "नुसत्या गुडघ्यावरून हे ठरत नाही. आज दोघींची लघवी तपासू." मग नेहमीच्या सवयीनं त्यांनी विचारलं, "तेव्हा बाटलीतली लघवी तुमचीच होती ना?"

धाकटी सावकाश उठून बसली. पाय खाली सोडून ती छताकडे बघत होती.

"ताईला त्या दिवशी होईचना," ती म्हणाली. "बाहेर आई दार वाजवत होती. ही रडायला लागली, म्हणून मी भरून दिली. लघवी काय, सगळ्यांची सारखीच असते असं वाटलं आम्हाला."

थोरलीनं ट्रेमधला कापूस घेतला, पलंगापाशी थेट फरशीवर गुडघे टेकले आणि बहिणीच्या पायावरून ओघळलेलं जेल पुसायला लागली.

"ताई, ऊठ आधी!" धाकटी ओरडली. "तुझे गुडघे—"