फुप्फुसातल्या नांग्या

नोझल तुंबलं, तसं बाबांनी ते काढून ओठांना लावलं आणि फुंकलं. तणनाशकाचे तुषार त्यांच्याच तोंडावर उडाले. खोकतच त्यांनी पंप पुन्हा पाठीवर घेतला. सुट्टीला आलेली प्रणिता बांधावरून बघत होती. नोझलला तोंड लावू नका, हे आजवर सांगून सांगून ती थकली होती. आज तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेतला एक फोटो पुढे केला. त्यावर काळ्या रेघांच्या दोन रांगा होत्या.

"उंदरांच्या फुप्फुसातली प्रथिनं आहेत, बाबा. एक रेघ म्हणजे एक प्रथिन. ही रांग धडधाकट उंदराची. ही दुसरी, ज्याच्या छातीत हेच औषध गेलं त्याची."

पेरलेल्या रानावरून फिरावी तशी बाबांची नजर रेघांवरून फिरली. "हितं तर नांग्या पडल्यात. तीन जागी उगवलंच नाही."

हे दिसायला प्रणिताच्या वर्गाला आठवडा लागला होता.

"मग नांग्या भरून येतात का?" त्यांनी विचारलं.

"औषध बंद केल्यावर काही आल्या. सगळ्या नाही."

बाबांनी फोटो परत दिला आणि ते पुन्हा फवारणीला लागले. प्रणिता हिरमुसून घरी आली.

सकाळी आईच्या आवाजाने तिला जाग आली. नव्याकोऱ्या खराट्याच्या निम्म्या काड्या कुणी उपटल्या म्हणून ती करवादत होती.

प्रणिता दारात आली. नाकाला उपरणं बांधलेले बाबा रस्त्यात उभे होते, आणि फवारणीला निघालेल्या प्रत्येकाला अडवून त्याच्या टोपीत एकेक काडी खोचत होते.

"नोझलला ही घालायची," ते सांगत होते. "तोंड लावायचं नाही. आत नांग्या पडतात."