कड्याखाली कोण

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी कडा कोसळला. साठ फूट रुंदीचा मातीचा तुकडा दोन झाडांसकट किनाऱ्यावर आला. लॉइड बोवेन तेव्हा तीनशे पावलं उत्तरेला, गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याच्या मुठीत तळहाताएवढा शार्कचा दात होता, दीड कोटी वर्षांपूर्वीचा.

सव्वासातला तो घरी पोचला. बायको, मर्ना, घरात नव्हती. गाडी दारात होती. खुंटीवर तिचं निळं जाकीट नव्हतं. फोन बंद. गाडीशिवाय मर्ना एकाच ठिकाणी गेली असणार, खाली किनाऱ्यावर.

किनाऱ्याकडे उतरणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी एक फळा आहे. गल्लीतल्या तेवीस घरांची त्यावर एकेक पाटी. खाली जाताना आपली पाटी उलटायची, लाल बाजू वर; परतल्यावर पुन्हा पांढरी. कडा पडला तर कुणाला शोधायचं ते कळावं म्हणून. पण ईशान्येचा वारा रात्रभर वाहिला की लाटा मातीतले असे नवे दात उघडे करतात, आणि त्या सकाळी एक लाल पाटी दिसली की सगळी गल्ली ते वेचायला खाली धावते. म्हणून अशा दिवशी जुनी माणसं पाटीला हात लावत नाहीत. लॉइडने एकतीस वर्षांत लावला नव्हता.

"शेवटचं कधी पाहिलंत त्यांना, मिस्टर लॉइड?" स्वयंसेवी अग्निशमन पथकाचा प्रमुख कर्टिस याने विचारलं.

"पहाटे पाचला. झोपली होती. तिची झोप मोडू नये म्हणून दिवा न लावताच निघालो."

कर्टिसने ते लिहून घेतलं. मग आठ माणसं घेऊन तो ढिगाऱ्याशी उतरला. कड्यावरून अजून माती सुटत होती.

शेजारचा हॉलिस फावडं घेऊन आला आणि लॉइडच्या बाजूला खोदू लागला. "तुझी पाटी पांढरी होती," तो म्हणाला. "फळा सांगतोय नवरा घरी आहे, आणि घरात तर नवरा नाही. काय करेल बिचारी? बघायला उतरली." थोड्या वेळाने म्हणाला, "एवढे दात जमवलेस. तुला तोंडं किती आहेत रे?"

लॉइडचे हात चालत होते. निळसर चिकणमाती फावड्याला धरून बसत होती. एका खेपेला तिच्यात काहीतरी चमकलं. तो वाकला, अंगठ्याने माती पुसली, दाताची कड शाबूत आहे का पाहिलं आणि दात खिशात टाकला. मग त्याच्या लक्षात आलं की हॉलिस थांबून त्याच्याकडे बघतोय.

अकराच्या सुमारास भरती चढू लागली. वरून दोनदा माती घसरली. दुसऱ्यांदा एकाच्या खांद्याला लागलं. त्याने हात झटकला आणि पुन्हा फावडं उचललं.

"अजून अर्धा तास," कर्टिस म्हणाला. "त्यानंतर माणसं इथे ठेवता येणार नाहीत मला."

अकरा वीसला लॉइडचा फोन वाजला. उपसागरापलीकडून, शेजारच्या डेलावेअर राज्यातून, मर्नाची बहीण जोआन बोलत होती.

"बातम्यांत तुझं नाव ऐकलं. लॉइड, ती इथे आहे. कालपासून. मीच न्यायला आले होते."

"पहाटे झोपली होती ती," लॉइड म्हणाला.

"काल संध्याकाळी सात वाजता ती तुझ्या तळघराच्या दारात बॅग घेऊन उभी होती. मी जाते, म्हणाली. टेबलावर दात मांडत बसला होतास तू. मान वर न करता 'बरं' म्हणालास."

लॉइडने फोन खिशात ठेवला.

"कुणाचा होता?" कर्टिसने विचारलं.

लॉइडने फावडं उचललं.

अकरा बेचाळीसला पाणी ढिगाऱ्याला लागलं होतं. आठही जण अजून खोदत होते. लॉइडही.