चौसष्ट कुंड्या, दोन बाटल्या

चौसष्ट कुंड्या. दर कुंडीत भाताची पाच रोपं. बत्तीस कुंड्यांना जस्त दिलेलं, बत्तीसांना नाही. दिव्यानीने तिसऱ्यांदा मोजलं. तीनशे वीस रोपं, आणि एकजात हिरवीगार.

हीच तर बोंब होती. तिचं दीड वर्षाचं संशोधन पेशीतल्या एका प्रथिनावर टांगलेलं होतं. जस्ताचा एक कण त्याच्या घडीला चिमटीत धरतो, तेव्हा त्या घडीचं बोट होतं. ते बोट डीएनएवर नेमक्या जागी टेकतं आणि तिथलं जनुक चालू होतं. जस्त नाही तर बोट नाही. मग जनुक बंद राहायला हवं. पण जस्त न दिलेल्या रोपांतही ते ठणठणीत चालू होतं. सलग चौथ्या खेपेला. वाळू आम्लाने धुतलेली, पाणी नागपूरहून डब्यांतून आणलेलं, शुद्ध. तिचे मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले होते, "शुक्रवारपर्यंत कारण सांग. नाहीतर विषय सोड."

राहता राहिल्या पाणी घालणाऱ्या कुंताबाई.

"कुंताबाई, खरं सांगा. नळाचं पाणी घातलं ना?"

"नाई जी बाई! तुमच्याच डब्यातलं. नळाले हातबी नाई लावला."

"मग ही हिरवी काऊन हायेत?" चिडली की दिव्यानीच्या तोंडी सावली गावाकडची बोली यायची.

"घ्या! आमच्या इथी रोप पिवळं पडलं त लोकं रडतेत. तुमी हिरवं झालं त रडता!"

दिव्यानीने कपाळावर हात मारला. "डब्यातून सरळ कुंडीत घालता ना?"

"सरळ कसं? कोरं पाणी रोपाले बाधते. सांजेले बादलीत वतून ठेवतो, सकाळी देतो. बादलीबी जुनी नाई, बाई. तुमच्या रोपाइसाठीच मूल गावच्या बाजारातून नवी आणली."

नवी बादली कोपऱ्यात होती. पत्र्याची, अंगावर चंदेरी खवले असलेली. दिव्यानीने तळाशी बोट फिरवलं. बोटाला पांढुरका थर लागला.

तिने दोन बाटल्या भरल्या, एक डब्यातून, एक बादलीतून, आणि दुपारच्या एसटीने नागपूरला तपासायला पाठवल्या.

गुरुवारी आकडे आले. डब्यातल्या पाण्यात जस्त आढळलं नाही. बादलीतल्या पाण्यात, लिटरमागे दोन पूर्णांक एक दशांश मिलिग्रॅम. पत्र्यावरचा तो चंदेरी मुलामा जस्ताचाच होता.